लांब केस

डोक्यावरील केसांची जी लांबी एखाद्या समाजात, विशिष्ट काळी व विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत प्रचलित प्रमाणाहून अधिक समजली जाते, तिला व्यवहारात ‘लांब केस’ असे म्हणतात. केसाची लांबी मोजता येते. परंतु किती सेंटिमीटरपासून केस लांब म्हणावेत, याचा सर्वमान्य अंक नाही. पाठीच्या मध्यापर्यंत आलेली मुलीची वेणी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ‘बेताची’ वाटते आणि त्याच घरातील मुलाचे केस सदऱ्याच्या गळपट्टीला टेकताच ‘फार वाढले’ असे म्हटले जाते. दुसरी लांबी पहिलीच्या निम्मीही नसते. यावरून ‘लांब’ हे केसाचे विशेषण दिसत असले, तरी प्रत्यक्षात ते केस आणि अपेक्षा यांच्यातील अंतराचे विशेषण आहे, हे स्पष्ट होते. ही कल्पना तीन घटकांनी घडते : केसाच्या वाढीची जैव मर्यादा, डोळ्यांना दिसणारी लांबी आणि समाजाने घालून दिलेली मर्यादा. यांपैकी तिसरा घटक पहिल्याइतकाच नैसर्गिक आहे, असे समजण्याकडे सर्वच समाजांचा कल असतो. या समजुतीतून शाळा, सैन्य, कारागृह, धर्मसंस्था व राज्यसंस्था यांनी केसांविषयी नियम केले असून त्यांचे परिणाम पुष्कळदा गंभीर झालेले आहेत.

मापन : केसांची लांबी दोन प्रकारे सांगतात. पहिला प्रकार लांबीच्या एककांचा असून केस मुळाशी धरून, न ताणता सरळ करून, टोकापर्यंतचे अंतर मोजतात. दुसरा प्रकार शरीराच्या अवयवांचा : कानापर्यंत, खांद्यापर्यंत, कंबरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत इत्यादी. लोकव्यवहारात दुसरा प्रकारच रूढ आहे. तथापि तो सापेक्ष आहे. सु. १५५ सेंमी. उंचीच्या स्त्रीच्या टाळूवरील केस खांद्याला लागण्यास सु. ३० सेंमी., कंबरेला लागण्यास सु. ६० ते ६५ सेंमी. आणि गुडघ्याला लागण्यास सु. ११० ते ११५ सेंमी. लांबी लागते. तिच्याच मानेवरील केसांना कंबर गाठण्यास मात्र सु. ४० सेंमी. पुरतात. म्हणजे ‘कंबरेपर्यंतचे केस’ या एका वर्णनात ४० सेंमी. व ६५ सेंमी. अशा दोन्ही लांबींचे केस येऊ शकतात. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कंबरेखाली जाणारी वेणी ती वयात आल्यावर, तेवढ्याच लांबीची असूनही, पाठीच्या मध्यावरच राहते. वेणी घातल्याने केस एकमेकांभोवती वळून जातात व लांबी कमी दिसते. ओला केस कोरड्या केसापेक्षा अधिक ताणला जातो. त्यामुळे कोठून, कोणत्या स्थितीत व किती ताण देऊन मोजले, हे सांगितल्याखेरीज आकड्याला अर्थ राहत नाही.

वाढीची मर्यादा : केस त्वचेतील केशपुटकातून उगवतो. त्वचेबाहेर दिसणारा भाग मृत असून तो मुख्यत्वे केराटीन या प्रथिनाचा बनलेला असतो. वाढ केवळ मुळाशी होते. टोके कापल्याने केस लवकर वाढतात, ही समजूत म्हणूनच निराधार आहे. फाटलेली टोके निघून गेल्यामुळे केस तुटण्याचे प्रमाण कमी होते, एवढाच तिच्यातील तथ्यांश. केशपुटकाचे कार्य चक्राकार चालते. वाढीची अवस्था साधारणपणे २ ते ६ वर्षे टिकते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणावस्था व सु. तीन महिन्यांची विश्रामावस्था येते आणि जुना केस गळून त्याच पुटकातून नवा उगवू लागतो. डोक्यावर सु. एक लाख केस असून त्यांपैकी ८५ ते ९० टक्के कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. दररोज ५० ते १०० केस गळणे हे या चक्राचेच लक्षण होय.

डोक्यावरील केस दिवसाला सरासरीने सु. ०·३५ मिमी., म्हणजे महिन्याला एक सेंमी.पेक्षा थोडे अधिक व वर्षाला १२ ते १५ सेंमी. वाढतो. वाढीचा वेग आणि वाढीच्या अवस्थेचा काल यांचा गुणाकार म्हणजे त्या व्यक्तीच्या केसांची कमाल लांबी. वाढीची अवस्था दोन वर्षांची असल्यास कात्री न लावताही केस २५ ते ३० सेंमी.वर, म्हणजे खांद्याच्या आसपास थांबतात. ती सहा वर्षांची असल्यास ७० ते ९० सेंमी.पर्यंत पोहोचू शकतात. एका मुलीचे केस कंबरेखाली जातात आणि तिच्या बहिणीचे त्याच तेलापाण्यावर खांद्याशी अडतात, याचे कारण निगेतील उणीव असेलच असे नाही. पुष्कळदा तो केवळ आनुवंशिक फरक असतो. गुडघ्यापर्यंतचे केस विरळा आढळतात, कारण त्यांसाठी वाढीची अवस्था सात वर्षांहून अधिक टिकावी लागते. चीनमधील श्ये छ्यूफिंग या स्त्रीच्या केसांची लांबी मे २००४ मध्ये ५·६२७ मी. भरली व तिची जागतिक उच्चांक म्हणून नोंद झाली. १९७३ पासून तिने केस कापले नव्हते. सरासरी वेगाने ३१ वर्षांत जेवढी वाढ व्हावी, तिच्याहून ही लांबी बरीच अधिक आहे. शिवाय या केसांची वाढीची अवस्था अनेक दशके अखंड टिकली असली पाहिजे. हा अर्थात अपवाद होय.

लांब केस हा कालाचाही आलेख असतो. ६० सेंमी. लांबीच्या केसाचे टोक मुळापेक्षा चार-पाच वर्षांनी जुने असते. तेवढ्या काळातील ऊन, विंचरणे, धुणे व रंगविणे यांचे परिणाम त्यावर साचलेले असतात. रक्तातील काही द्रव्ये वाढत्या केसात सामावली जात असल्यामुळे न्यायवैद्यकात केसाचा एक सेंमी. भाग साधारणपणे एका महिन्याचा मानून मादक द्रव्यांच्या सेवनाचा काल अजमावतात.

दृश्य लांबी : सारख्याच लांबीचे केस सारखेच लांब दिसतात असे नाही. केसाचा कुरळेपणा हे त्याचे प्रमुख कारण. सरळ केस आपल्या पूर्ण लांबीने खाली लोंबतो. घट्ट वळ्यांचा केस स्प्रिंगसारखा आखडतो व निम्म्याहूनही आखूड दिसू शकतो. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचे केस कानाखाली उतरलेले दिसत नसताही ताणले असता खांद्याखाली जातात. शिवाय वाढीच्या वेगातही फरक आढळतात. पूर्व आशियाई लोकांत तो दिवसाला सरासरी ०·४ मिमी.च्या आसपास, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत ०·२६ ते ०·२८ मिमी. आढळला आहे. घट्ट वळ्यांचा केस वळणाशी तुटतोही लवकर. खाली लोंबणारे सरळ केस हाच ‘लांब’ या शब्दाचा आदर्श धरल्यास मानवजातीच्या एका मोठ्या भागाचे केस कायमचे ‘आखूड’ ठरतात. हा दोष केसांचा नसून मोजपट्टीचा आहे.

केसांची दाटी, रंग व मांडणी यांचाही दृष्टीवर परिणाम होतो. टोकापर्यंत एकसारखा दाट असलेला शेपटा, टोकाशी विरळ झालेल्या तेवढ्याच लांबीच्या शेपट्यापेक्षा लांब भासतो. आखूड मान व लहान अंगलट यांमुळे केस लांब दिसतात. उंच व्यक्तीचे तेवढेच केस आखूड दिसतात. अंबाडा किंवा खोपा घातला असता लांबीचा अंदाज केवळ त्याच्या आकारावरून करावा लागतो. या दृष्टिभ्रमाचा उपयोग फार पूर्वीपासून केला गेला आहे. वेणीत मिसळून ती लांब व भरदार करण्यासाठी वापरावयाच्या केसांच्या झुपक्याला मराठीत ‘गंगावन’ असा स्वतंत्र शब्दच आहे.

तुलनेचा आधार कोणता, यावरही मत अवलंबून असते. जिचे केस नेहमी कंबरेपर्यंत असतात, तिला ते खांद्यापर्यंत कापल्यावर ‘फारच आखूड’ वाटतात. आजारपणात केस गमावलेल्या स्त्रीला खांद्यापर्यंतचे तेच केस लांब वाटतात. कर्करोगावरील काही औषधांमुळे उपचार सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. उपचार संपल्यावर ते बहुधा परत येतात, तथापि खांद्यापर्यंत पोहोचण्यास त्यांना दोन वर्षे किंवा अधिक काळ लागतो. स्वतःचे केस रोज पाहणाऱ्याला दिवसाची तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढ जाणवत नाही. वर्षाने भेटणाऱ्या नातलगाला मात्र ती एकदम दिसते. ‘माझे केस वाढतच नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा या कारणाने उद्भवते.

स्त्रीपुरुषभेद : स्त्रियांचे केस निसर्गतः लांब व पुरुषांचे आखूड, ही समजूत व्यापक आहे. पहिल्या शतकात संत पॉल याने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुरुषाने लांब केस राखणे अपमानास्पद असल्याचे निसर्गच शिकवितो, असे प्रतिपादन आहे. या वचनाचा आधार पुढे यूरोपात व अमेरिकेत अनेकदा घेतला गेला. शरीरक्रियाविज्ञानास मात्र असा भेद आढळत नाही. डोक्यावरील केसांच्या वाढीचा वेग स्त्रीपुरुषांत जवळजवळ सारखा असतो. पुरुषी टकलात वाढीची अवस्था क्रमशः आखडत जाते, हा खरा फरक. परंतु ज्या पुरुषास टक्कल नाही त्याचे केस कात्री न लावल्यास खांद्याखाली सहज उतरतात. पूर्व आफ्रिकेतील मसाई लोकांत तरुण योद्धे लांब केसांच्या बारीक वेण्या घालून त्यांना गेरू माखतात व स्त्रिया डोके भादरतात. म्हणजे परिचित संकेत तेथे नेमका उलटा आहे. स्त्रीपुरुषांच्या केसांतील भेद प्रामुख्याने कात्रीने निर्माण केलेला आहे, हे यावरून दिसून येते.

इतिहासातील मर्यादा : जपानमध्ये हेआन काळात (७९४–११८५) दरबारी स्त्रियांचे मोकळे सोडलेले केस त्यांच्या उंचीहूनही लांब असणे हे सौंदर्याचे लक्षण मानले जाई. पाठीच्या मध्यापर्यंतचे केस त्या दरबारात लांब ठरले नसते. त्याच देशात १८७१ मध्ये पुरुषांना पारंपरिक शेंडी कापून केस आखूड ठेवण्याची मोकळीक देण्यात आली व आखूड केस सुधारणेचे चिन्ह बनले. काही स्त्रियांनी हेच केले, तेव्हा १८७२ मध्ये टोकिओच्या प्रशासनाने स्त्रियांना केस कापण्यास मनाई केली. एकच कृती एकाच्या बाबतीत सुधारणा व दुसरीच्या बाबतीत अपराध ठरली.

यूरोपात फ्रँक लोकांच्या मेरोव्हिंजियन राजघराण्यातील पुरुष जन्मापासून केस न कापता वाढवीत. लांब केस हे राजपदाच्या अधिकाराचे चिन्ह असल्याने ते कापणे म्हणजे वारसाहक्क काढून घेणे होय. तूरचा ग्रेगरी या सहाव्या शतकातील इतिहासकाराने अशी हकीकत दिली आहे, की राणी क्लोटिल्डा हिच्यापुढे तिच्या नातवांसाठी कात्री व तलवार असे दोन पर्याय ठेवण्यात आले आणि तिने केस कापलेल्या नातवांपेक्षा मृत नातू पत्करले. या घराण्यातील शेवटचा राजा तिसरा चिल्डरिक यास ७५१ मध्ये पदच्युत केले, तेव्हा त्याचे केस कापून त्यास मठात पाठविण्यात आले.

‘लांब’ या शब्दाचा अर्थ किती बदलू शकतो, याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण चीनमधील होय. मिंग काळातील हान पुरुष केस न कापता डोक्यावर बांधीत. मांचू सत्ता आल्यावर १६४५ मध्ये सर्व पुरुषांनी कपाळाकडचा भाग भादरून मागील केसांची वेणी घालावी, अशी सक्ती करण्यात आली. आज्ञा मोडल्यास देहान्त शासन होते व तीवरून झालेल्या प्रतिकारात असंख्य लोक मारले गेले. पुढे ताइपिंग बंडातील (१८५०–६४) लोकांनी कपाळावरचे केस वाढू दिले, तेव्हा त्यांना ‘लांब केसवाले’ असे नाव पडले. वस्तुतः त्यांच्या विरोधात लढणाऱ्या सरकारी सैनिकांच्या वेण्या कंबरेपर्यंत पोहोचत. बंडखोरांच्या कपाळावरील केस त्यांहून कितीतरी आखूड होते. येथे ‘लांब’ याचा अर्थ ‘जेथे नसावेत तेथे असलेले’ असा होता. १९११–१२ च्या क्रांतीनंतर वेण्या कापण्यात आल्या, त्याही पुष्कळ ठिकाणी सक्तीनेच.

विसाव्या शतकातही हेच घडले. १९०२ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इंडियन व्यवहार आयुक्ताने राखीव प्रदेशांतील आदिवासी पुरुषांचे लांब केस कापवून घेण्याविषयी अधिकाऱ्यांना लिहिले. निवासी शाळांत मुलांचे केस प्रवेशाबरोबरच कापले जात. १९२० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांनी हनुवटीपर्यंत केस कापण्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा मोठा गहजब झाला. मराठीत रूढ झालेला ‘बॉबकट’ हा शब्द याच पद्धतीचा. १९६३–६४ मध्ये ‘बीटल्स’ या इंग्लिश गायकवृंदाचे केस वृत्तपत्रांनी अतिशय लांब ठरविले. त्या वेळच्या छायाचित्रांत ते कपाळ व कानांचा वरचा भाग झाकण्याइतकेच आहेत. दहाच वर्षांनी, कान झाकणारे केस मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतही सर्रास दिसू लागल्यावर, ते कोणालाही लांब वाटले नसते.

लांबी व अखंडता : काही परंपरांत महत्त्व लांबीला नसून केस न कापण्याला असते. या दोहोंत गल्लत केल्याने पुष्कळ गैरसमज होतात. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथाची स्थापना केली. खालसाच्या पाच ‘क’कारांत केशांचा अंतर्भाव होतो. येथे दंडक न कापलेल्या केसांचा आहे. ते खांद्यापर्यंत येतात की गुडघ्यापर्यंत, हा प्रश्नच नाही. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने २००९ मध्ये केस न कापणे हे शीख धर्माचे आवश्यक अंग असल्याचा निर्णय दिला. त्या प्रकरणात शीख अल्पसंख्य कोट्यातील प्रवेश नाकारण्याचे कारण भुवयांचे केस काढणे हे होते, म्हणजे अगदी काही मिलिमीटर लांबीचे केस. दक्षिण चीनमधील ह्वांगल्वो गावच्या लाल याओ स्त्रिया साधारणपणे अठराव्या वर्षी एकदाच केस कापतात आणि कापलेले केस जपून ठेवून पुढे आपल्याच केशरचनेत गुंफतात. त्यांचे केस एक मीटरहून अधिक लांब असले, तरी ते डोक्याभोवती गुंडाळलेले असल्याने एरवी त्यांची लांबी दिसत नाही.

महाराष्ट्र : केसांच्या अवस्थांचे बारीक भेद दाखविणारे शब्द मराठीत विपुल आहेत. ‘लांबसडक’ व ‘घनदाट’ ही कौतुकाची विशेषणे मुख्यत्वे स्त्रीच्या केसांस लागतात; ‘झिपऱ्या’ व ‘जटा’ ही निगा न राखलेल्या केसांस, तर ‘झुलपे’ हा शब्द पुरुषाच्या कानावर-मानेवर रुळणाऱ्या केसांस लावतात. पूर्वी ब्राह्मण पुरुष डोके भादरून मध्ये शेंडी व तिच्याभोवती घेरा राखीत. इंग्रजी अमदानीत घेरा जाऊन सर्व डोक्यावर आखूड केस राखण्याची पद्धत आली, तेव्हा जुन्या पिढीला ती केस ‘वाढविण्याची’ पद्धत वाटली आणि इंग्रजांच्या दृष्टीने ती केस ‘आखूड ठेवण्याची’ होती.

स्त्रियांच्या बाबतीत लांबीचा प्रश्न केवळ आवडीचा नव्हता. सधवेचे लांब केस सौभाग्याशी निगडित असत आणि उच्चवर्णीय मानल्या गेलेल्या अनेक जातींत वैधव्य येताच त्यांचे वपन केले जाई. बालविवाहाच्या प्रथेमुळे कित्येकदा हा प्रसंग कोवळ्या वयातील मुलींवर येई व पुढे आयुष्यभर केस वाढू न देण्याची दक्षता घेतली जाई. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या सुधारक पत्रातून या रूढीवर कठोर टीका केली. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा होऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय करण्यात आला. ज्यांच्या हातून हे कृत्य घडत असे, त्यांनीच वस्तरा खाली ठेवणे, हे या सभेचे महत्त्व होय. पुढे एखाद्या विधवेच्या डोक्यावर बोटभर केस दिसणे हेही त्या काळी धाडस समजले गेले. ही लांबी काही महिन्यांच्या वाढीइतकीच असते. परंतु ज्या स्त्रीला केस मुळीच नसावेत असा दंडक होता, तिच्या बाबतीत तेवढेही ‘लांब’ होते.

याउलट केस कापू न दिल्यानेही स्त्रियांवर अन्याय झाला आहे. केसांचा गुंता होऊन त्यांची जट बनली, की ती यल्लमा देवीचे बोलावणे समजण्याची रूढी दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात आहे. जट कापल्यास कोप होईल या भीतीने ती वर्षानुवर्षे वाढू दिली जाते. गळलेले केस तीत अडकून राहिल्याने तिचे वजन वाढते, मान दुखते, डोके धुता येत नाही, उवा व त्वचारोग होतात. काही मुलींना जटेमुळे देवीला सोडले जाई. पोलंडमध्येही अशा जटांविषयी समजुती होत्या व एकोणिसाव्या शतकात क्रेको येथील वैद्य यूझेफ डीट्ल यांनी त्यांविरुद्ध मोहीम चालविली. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते स्त्रियांची व त्यांच्या कुटुंबीयांची समजूत घालून जटा काढण्याचे काम करतात. जट कापण्यास काही मिनिटे ते तासभर पुरतो. समजूत घालण्यास मात्र कित्येकदा महिने लागतात.

नियम व कायदा : शासनसंस्था किंवा शाळा केसांवर बंधन घालते, तेव्हा ‘लांब’ या मोघम शब्दाची व्याख्या करणे तिला भाग पडते. सिंगापूरमध्ये १९७० नंतरच्या दशकात सरकारी कार्यालयांत लांब केसांच्या पुरुषांचे काम सर्वांत शेवटी केले जाईल, असे फलक लावलेले असत. कपाळावरून भुवयांपर्यंत येणारे, कान झाकणारे व गळपट्टीच्या खाली उतरणारे केस लांब समजावेत, अशी सचित्र व्याख्या त्यांवर होती. दक्षिण कोरियात १९७३ मध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात पुरुषांच्या लांब केसांचा समावेश झाला व पोलीस रस्त्यातच केस कापू लागले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये केली विरुद्ध जॉन्सन या खटल्यात न्यूयॉर्क राज्यातील एका परगण्याच्या पोलिसांना लागू असलेला, केस कान व गळपट्टी यांना टेकू नयेत हा नियम वैध ठरविला. या सर्व व्याख्या अवयवांच्या व कपड्यांच्या आधारे केलेल्या आहेत, सेंटिमीटरांत नाहीत, हे लक्षणीय आहे.

अशा व्याख्येतील पळवाटा व अन्याय दोन्ही अलीकडील एका खटल्यातून दिसून येतात. केशरचनेवरून होणारा वांशिक भेदभाव रोखणारा कायदा अमेरिकेत प्रथम कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केला. टेक्ससमध्ये असा कायदा सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. तेथील एका शाळेने त्याच सुमारास एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास वर्गाबाहेर ठेवले. त्याचे पिळाचे केस डोक्यावर बांधलेले होते व कानाखाली येत नव्हते. परंतु ‘सोडल्यास’ ते भुवया व कानांच्या पाळ्या यांखाली उतरतील, असे शाळेचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने कायदा केशरचनेस संरक्षण देतो, लांबीस नाही, या आशयाचा निर्णय शाळेच्या बाजूने दिला. ज्या केशरचनेस मुळातच लांबी लागते, तिला लांबीवाचून संरक्षण देता येते काय, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

भारतातील एका ग्राहकप्रकरणात वाद याहून साधा, पण तितकाच बोलका होता. दिल्लीतील एका हॉटेलच्या केशकर्तनालयात टोकाकडून ४ इंच केस कापावे अशी सूचना दिली असता ते जेमतेम खांद्याला लागतील इतके आखूड कापले गेले, अशी एका स्त्रीची तक्रार होती. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २०२१ मध्ये तिला २ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सदोष सेवेचा निष्कर्ष कायम ठेवला. मात्र रक्कम पुराव्याच्या आधारे ठरविण्यासाठी प्रकरण आयोगाकडे परत पाठविले. केसांच्या लांबीस व्यक्तीच्या उपजीविकेत व आत्मप्रतिमेत असलेले स्थान न्यायसंस्थेपुढे या निमित्ताने आले.

व्यापार व दान : केसांच्या व्यापारात मात्र लांबीचे अंक निश्चित असतात. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांची तिरुमला तिरुपती देवस्थानम् लांबीनुसार प्रतवारी करून लिलाव करते. सर्वांत लांब केसांस सर्वाधिक भाव येतो व पाच इंचांपेक्षा आखूड केस सर्वांत खालच्या प्रतीत मोडतात. केस गमावलेल्या मुलांसाठी टोप बनविणारी ‘लॉक्स ऑफ लव्ह’ ही अमेरिकन संस्था किमान १० इंच (सु. २५ सेंमी.) लांबीचे केस स्वीकारते, कारण टोप विणताना केसाचा काही भाग दुमडून गाठीत जातो. येथे ‘पुरेसे लांब’ याचा अर्थ उपयोगावरून ठरतो. त्यात शोभेचा, शिस्तीचा किंवा स्त्रीपुरुषभेदाचा संबंध येत नाही.

समारोप : केस किती लांब असावेत, याविषयी नियम करावयाचाच असेल, तर वरील विवेचनावरून तीन गोष्टी आवश्यक ठरतात : मापन कोठून व केस कोणत्या स्थितीत असताना करावयाचे, हे स्पष्ट असावे, केसाचा प्रकार बदलला तरी नियमाचा भार सारखाच राहावा, आणि नियमाचे प्रयोजन सांगता यावे. यंत्रावर काम करणाऱ्याचे मोकळे केस पट्ट्यात अडकण्याचा धोका असतो, हे प्रयोजन होय. परंतु केस घट्ट बांधल्याने वा टोपीत घेतल्याने ते साध्य होते, त्यासाठी केस आखूडच असण्याची आवश्यकता नसते. स्वच्छतेचा संबंधही लांबीपेक्षा धुण्या-विंचरण्याशी अधिक आहे. प्रयोजन सांगता येत नाही, तेथे बहुधा केवळ सवयीला नियमाचे रूप दिलेले असते, आणि ती सवय एका पिढीत बदलते, हे इतिहासाने वारंवार दाखविले आहे.